पाच मीटरचा दोर

१२ ऑगस्ट

धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील अशी मला भीती आहे, म्हणून कामाचं आधी लिहिते. मला तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही हवी आहे. दर हंगामाला गव्हाच्या कापणीचे आकडे कचेरीत भरायच्या आधी तू जिच्यात उतरवून ठेवायचास, ती. त्यावरून सगळे तुला हसायचे. मीही हसायचे. फेकली नसशीलच तू. शाळेतल्या मोडक्या पट्ट्यासुद्धा तू फेकल्या नव्हत्यास.

तीन वर्षांनी पत्र लिहायचं आणि तब्येतसुद्धा न विचारता वही मागायची, हे शोभत नाही हे मला कळतं. तब्येत पुढच्या पत्रात विचारेन.

झालं ते असं. खाली भांडारात फळ्या बसवायच्या होत्या आणि सुतार टेप घरी विसरून आला. आपल्या भांडारपालाने मोठ्या ऐटीत कापणीचा दोर काढून त्याच्या हातात दिला. म्हणाला, "सरकारी माप आहे. ह्या गाठीपासून त्या गाठीपर्यंत बरोब्बर पाच मीटर." भिंत पाच मीटरची. सुताराने सहा फळ्या कापल्या आणि एकही बसेना. सगळ्या हातभर जास्त. भांडारपाल म्हणे, भिंतच आखडली असेल. सुतार म्हणाला, "भिंत आहे तेवढीच आहे साहेब, तुमचं सरकार लांबलंय." दोघांचा आवाज चढला म्हणून मी टेप घेऊन खाली गेले. पाच मीटर पंचेचाळीस सेंटिमीटर. मग भांडारातले तेवीसच्या तेवीस दोर काढून जमिनीवर पसरले. कुठे चाळीस जास्त, कुठे पन्नास. पाचाचा एकही नाही.

तुला हे समजावून सांगणं म्हणजे कमालच आहे, पण लिहिलं की माझं मला नीट कळतं. शेतात दोराचा चौकोन लावायचा, प्रत्येक बाजू पाच मीटर. आतला गहू कापायचा, मळायचा, तोलायचा. त्यावरून मंडळाचं पीक, मंडळांवरून जिल्ह्याचं, जिल्ह्यांवरून देशाचं. दोर लांबला की चौकोन मोठा, आणि चौकोन मोठा की गहू जास्त. दहा वर्षांपूर्वी हे दोर आले तेव्हा देशभर वाटण्याआधी आपण दोघांनीच ते मोजून घेतले होते. नियमपुस्तकात लिहिलंय, दोर पूर्ण ताणून खुंट्या ठोकाव्यात. आपल्या लोकांनी दहा हंगाम तो जीव खाऊन ताणला. दोर तुटला तर बदलून मिळतो. लांबला तर काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यातही कामचुकारांचे दोर कमी लांबलेत. जो जितका इमानदार, तितका त्याचा गहू खोटा.

दर वर्षी दोन टक्के वाढ. सर्वांत गरीब देशांच्या गव्हाचे आकडे छापणारी ती जगाची पुस्तिका तुला आठवत असेल. बाकीच्यांच्या रेषा आडव्या पडलेल्या नाहीतर घसरलेल्या, आणि आपली एकटीची शहाण्या मुलीसारखी एक एक पायरी चढत वर. मागच्या वर्षी दोन देशांतली माणसं आपली पद्धत शिकायला आली होती. जाताना आम्ही त्यांना भेट म्हणून काय दिलं असेल? दोर. त्याच लॉटमधले, न वापरलेले. त्यांचाही गहू आता वाढायला लागेल.

पाचवा हिस्सा गहू जागेवर नाही, धाकट्या. कधी नव्हताच. जूनमध्ये आपला अंदाज वर गेला, "गरजेपुरतं पीक आहे" असा, त्यामुळे बाहेरून गहू मागवलेला नाही. शिवाय ज्या भागांत कागदावर शिल्लक दिसते तिथून सरकार धान्य उचलून शहराकडे आणतं आहे. तू मोजायला जायचास ते वरचं खोरं त्या यादीत आहे. मागणी गेल्यापासून गहू बोटीने बंदरात यायला अकरा आठवडे लागतात आणि नोव्हेंबर संपता संपता बर्फ पडून खोऱ्याचा रस्ता बंद होतो. तेव्हा घाई आहे.

तुझा दोर तिसऱ्या वर्षी नदीत वाहून गेला आणि तेव्हापासून तू दर हंगामाला टेपने मोजून स्वतःचा दोर करायचास. म्हणून त्या पाच वर्षांचे खरे आकडे सबंध देशात फक्त तुझ्या वहीत आहेत. कचेरीतली तुझी मूळ पानं चौकशीनंतर रद्द झाली. त्या चौकशीचं आता उगाळायला नको. वही रजिस्टर करून पाठव.

ताई

३ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. "वही आहे. ज्याने घरी बसून आकडे भरले त्याची वही घेऊन काय करणार? आधी शेरा मागे घे, तुला काय माहीत होतं ते लिहून." एवढं लिहायला तुला अठरा दिवस लागले. पूर्वीपासून तुझं असंच, रागावलास की मिठाची गुळणी धरून बसायचं आणि दुसऱ्याने समजून घ्यायचं.

शेरा माझा होता, मान्य. "आकडे शेतात न जाता घरी बसून भरलेले दिसतात." खाली सांख्यिकी विभागप्रमुख म्हणून माझी सही. पण तू तरी विचार कर. आजूबाजूच्या सगळ्या मंडळांत सात वर्षांत चौदा टक्के वाढ आणि मधोमध तुझं एकट्याचं मंडळ जिथल्या तिथे. सगळी कचेरी माझ्या तोंडाकडे बघत होती, बहीण भावाला पाठीशी घालते का म्हणून. मी कोणाच्या भावाला सोडलं नसतं, मग माझ्याच भावाला कसं सोडायचं? मला ते न्यायाचं वाटलं. नोकरी गेली की तू दुसरी धरशील असं वाटलं, तू देशच सोडशील असं नाही वाटलं.

हो, तू सांगितलं होतंस. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणालास, "ताई, माझा दोर तपासू नकोस, तुमचे तपास." मी म्हटलं, चहा गार होतोय. तू चहा न घेता गेलास. तेवढं मला आठवतं.

आता इथलं ऐक. मी साहेबांकडे गेले होते. दोर त्यांच्या टेबलावरच मोजून दाखवला. त्यांनी दोनदा मोजायला लावला.

"आज लांब आहे, बाई. कधीपासून लांब आहे?"

"पहिल्या हंगामापासून लांबत आला असणार."

"असणार म्हणजे? वर काय लिहू, असणार? एक माणूस दाखवा, ज्याने न लांबलेल्या दोराने मोजलं आणि दर वर्षी फरक वाढत गेला. आहे?"

 आहे, आणि तो खोटारडा आहे असं माझ्याच अक्षरात त्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

मग त्यांनी तोडगा काढला. दोर बदलू म्हणाले, पण एकदम नको. एकदम बदलले तर एका वर्षात पाचवा हिस्सा पीक पडलेलं दिसेल, लोक घाबरतील, बाहेर हसं होईल. दर वर्षी थोड्या मंडळांना नवे दोर द्यायचे, म्हणजे रेषा हळूहळू उतरेल. कोणत्या वर्षी कोणत्या मंडळाला, याचा तक्ता मी करायचा आहे. मी म्हटलं, आणि ह्या वर्षी लोक काय खातील? ते म्हणाले, "कागदावर आहे ते."

तू म्हणतोस तसं मी लिहिलं आहे. सोबत प्रत पाहा. "सदर शेरा तेव्हा उपलब्ध असलेल्या अपुऱ्या माहितीवर आधारित होता, सबब मागे घेण्यात यावा." तू तिकडून पसंत आहे असं कळवलंस की लगेच पुढे देते. ह्याहून जास्त माझ्याकडून होणार नाही. आता वही पाठव.

तुझी तब्येत कशी आहे? तिकडे फरशा बसवण्याचं काम करतोस असं ऐकलं. गुडघे सांभाळ.

ताई

२१ सप्टेंबर

धाकट्या,

तू माझी प्रत परत पाठवलीस. "अपुऱ्या" ह्या शब्दाखाली एक रेघ, बाकी काही नाही. ती रेघ पट्टी धरून ओढलेली आहे, हेही माझ्या लक्षात आलं.

कालच वरच्या खोऱ्यातून आले. धान्य उचलण्याची पाहणी करायला पाठवलं होतं. तू नाही विचारलंस, पण तुला जाणून घ्यायचं असेल म्हणून लिहिते. विहिरीवरची मावशी भेटली. आधी ओळख नाही पटली तिला. तुझी बहीण म्हटल्यावर मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि ज्या खाटेवर तू दर हंगामाला झोपायचास त्याच खाटेवर बसवलं. एकटीच असते अजून. हडकली आहे खूप. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत वर सरकवून ठेवली होती, नाहीतर गळून पडते म्हणाली.

तिचं धान्य जुलैच्या शेवटालाच नेलं. तुझ्या जागी आलेल्या माणसाने जुन्या दोराने मोजलं, खोरं शिलकी निघालं, आणि घरटी किती द्यायचं ते ठरून आलं. कोठीचा तळ दिसत होता. मी विचारलं, तक्रार नाही केलीस? ती म्हणाली, "तुझा भाऊ मोजायला यायचा ना, आधी मला विचारायचा, मावशी, किती निघेल? मी सांगायची तेवढंच निघायचं, पायलीचा फरक नाही. आता येतात ते माझ्यापेक्षा जास्त सांगतात. म्हटलं, जास्त शिकलेले असतील." आणि हसली. तिला माझी थट्टा करायची नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

तुला विचारलंय तिने. लग्न केलं का, आणि तिकडे पीठ कसं मिळतं.

येताना गाडीत मी सबंध रस्ता खिडकीकडे तोंड करून बसले होते. ड्रायव्हरने एकदा गाडी थांबवून पाणी दिलं, काही विचारलं नाही. भला माणूस आहे. आता लिहूनच टाकते, कारण परत धीर होईल असं वाटत नाही.

मी मोजला होता. तू चहा न घेता गेलास त्याच दिवशी, दुपारी. भांडारपाल जेवायला गेला होता. मी आतून कडी लावली आणि एक दोर काढून मोजला. पाच मीटर पस्तीस. दुसरा काढला. पाच मीटर छत्तीस. मग दोन्ही गुंडाळून, होत्या त्या खुंटीवर होते तसे अडकवले, वर गेले आणि तुझ्यावरचा शेरा लिहिला.

का, ते मी तीन वर्षं स्वतःला नाना तऱ्हेने सांगत आले. दोन दिवसांनी मला परिषदेला जायचं होतं, तक्ता छापून झाला होता. आपली रेषा मीच मोठी करून काढली होती, लाल शाईत. इतक्या गरीब देशांमधून पहिल्यांदाच आपल्याला कोणी व्यासपीठावर बोलावलं होतं, आणि मला. हे सगळं खरं आहे. पण त्याहूनही खरं सांगू? लहानपणापासून घरात चुका तू करायचास आणि सुधारायची मी. तू बरोबर आणि मी चूक, हे मला सहनच झालं नाही. बस्स. एवढ्याशा गोष्टीपायी.

हे मी तुला लिहिलंय. कचेरीला अजून लिहिलेलं नाही. लिहिते म्हणतेय, पण हात उचलत नाही.

ताई

८ ऑक्टोबर

धाकट्या,

वही आली. आतल्या चिठ्ठीत "मावशीसाठी पाठवतो आहे, तुझ्यासाठी नाही" असं आहे. बरोबर आहे.

सगळी पानं मी पाहिली. तिसऱ्या हंगामापासून सातव्यापर्यंत तुझे आकडे आणि शेजारच्या मंडळांचे आकडे बाजूबाजूला मांडले. फरक पहिल्याच वर्षी सहा टक्के, मग आठ, दहा, बारा, चौदा. इतकं स्वच्छ गणित मी आख्ख्या नोकरीत पाहिलं नाही. प्रत्येक पानावर मावशीचा अंदाज वेगळ्या रकान्यात लिहून ठेवलायस. तिचा एकदाही चुकलेला नाही.

हे लिहिणं जिवावर येतंय, पण लिहिते. वही आली ती २९ तारखेला. आज आठ. इतके दिवस ती माझ्या खणात होती. रोज सकाळी किल्ली फिरवायची, वही आहे ना बघायची, आणि पुन्हा खण लावायची. बडतर्फ माणसाची वही म्हणून ती कोणी हातात धरणार नाही, तिच्याबरोबर माझा खरा जबाब हवा, हे ठाऊक होतं. तू पहिल्या कार्डात तेच तर म्हणाला होतास. तुझी अट तू सोडलीस, तरी ती होतीच.

आज सकाळी दिला. साहेबांना नाही दिला, सरळ मंत्रालयाच्या आवक-खिडकीवर दिला आणि पोच घेतली. "मी दोर स्वतः मोजला होता, तो लांब असल्याचे मला माहीत होते, तरीही मी माझ्या भावाविरुद्ध खोटा शेरा लिहिला." सोबत वही. खिडकीवरच्या मुलीने शिक्का मारायच्या आधी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "हे असंच द्यायचंय ना?"

कचेरीत परत आले तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. भांडारपालाने माझ्यासाठी उभं राहून खुर्ची ओढली. का कोण जाणे, त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

ताई

३ मार्च

धाकट्या,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही. तू मावशीबद्दल विचारत होतास आणि रस्ता बंद होता. मलाही माहीत नव्हतं.

आधी कागदावरचं सांगते. तुझ्यावरचा शेरा रद्द झाला. तसा आदेश निघालाय, प्रत जोडते. परत कामावर यायचं असेल तर जागा आहे असंही त्यात लिहिलंय, तुझं तू ठरव. साहेब रजेवर गेले. नवे दोर नाहीत, लोखंडी चौकटी येणार आहेत. जगाच्या पुस्तिकेत आपल्या दहा वर्षांची रेषा पुसून आडवी काढायची म्हणतात. त्या दोन देशांना पत्र जावं म्हणून मी तीनदा लिहिलं, गेलं की नाही कळत नाही. मला विभागातून काढून धान्यवाटपावर घातलं. हे शिक्षा म्हणून केलं असावं.

गव्हाची मागणी १९ ऑक्टोबरला गेली. बोट ४ जानेवारीला लागली. त्याआधीच, २८ नोव्हेंबरला रस्ता बंद झाला होता. ज्या दिवशी सुताराची फळी बसली नाही त्याच दिवशी मी जबाब दिला असता, तर गहू नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंदरात असता आणि पंधरवड्याच्या आत वर पोचला असता. हे गणित मी पुष्कळदा करून पाहिलं आहे. तू करू नकोस.

रस्ता गेल्या सोमवारी उघडला. पहिल्या ट्रकबरोबर मी गेले. मीच मागून घेतलं. गावात शिरलो तेव्हा नेहमी धावत येतात तशी कुत्री आली नाहीत. लोक आधीच मैदानात उभे होते, कोणी ओरडत नव्हतं, ढकलाढकली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "मी वीस वर्षं धान्य वाटतोय, अशी शिस्त कधी पाहिली नाही." आणि मग त्यालाच काहीतरी कळलं आणि तो खाली उतरून उगाच टायर बघत राहिला.

यादी घरांप्रमाणे केलेली असते, हे तुला माहीत आहे. मी ट्रकच्या पायरीवर उभी राहून वाचत होते. वरच्या आळीतलं पहिलं घर, दुसरं घर. माणूस पुढे येई, अंगठा देई, पोतं उचलून नेई. एकेका पोत्याला दोघं दोघं लागत होते. गिरणीजवळचं घर, शाळेमागचं घर. मान वर करायची नाही असं मी ठरवलं होतं, म्हणजे कोण आहे आणि कोण नाही हे आधी कळणार नाही.

मग मी वाचलं, विहिरीवरचं घर.

कोणी पुढे आलं नाही. मला वाटलं, आवाज पोचला नसेल, मावशीला हल्ली कमी ऐकू येत असेल. मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने. तेव्हा समोरच उभ्या असलेल्या तिच्या शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी कोण, काय केलं, तिला काही ठाऊक नव्हतं.

ती म्हणाली, "बाई, पुढचं वाचा."

मी पुढचं वाचलं.

ताई